टेबलावर चालतं, शेतात अडकतं

वाळवा तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय २४, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. घरच्या विहिरीवरच्या ५ एचपी मोटारीसाठी त्यांनी मोबाईलवरून चालणारा स्टार्टर बनवला. त्यात अर्डुइनो नॅनो (छोटा कंट्रोलर बोर्ड), सिम८००एल जीएसएम मॉड्यूल (मोबाईल नेटवर्कशी बोलणारं), निळ्या रिलेचं (विजेवर चालणाऱ्या स्विचचं) मॉड्यूल, १६ बाय २ चा एलसीडी आणि टाकीतल्या फ्लोट स्विचपासून आलेली ६० मीटर वायर आहे. १२ व्होल्टचा अडॅप्टर थेट नॅनोच्या व्हीआयएन पिनला जोडलाय. जीएसएमसाठी वेगळा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारं सर्किट) आहे, त्यावर ४ व्होल्ट लावलेत. ते लिहितात:

"घरी टेबलावर आठवडाभर न थांबता चालतो. शेतातल्या पेटीत बसवला की दोन-तीन दिवसांत अडकतो. कधी स्क्रीनवर भलतीच अक्षरं येतात, कधी मेसेज केला तरी उत्तर येत नाही. एकदा तर मोटार रात्रभर चालू राहिली. मित्र म्हणतात, अर्डुइनो हे खेळणं आहे, एसटीएम३२ [जास्त ताकदीची चिप] आणि आरटीओएस [अनेक कामं एकाच वेळी सांभाळणारी प्रणाली] शीक. पुण्यातल्या एका क्लासने ६० हजार फी सांगितली आहे. माझ्याकडे आठ-दहा हजार आहेत. हे काम खरंच शिकायचं तर सुरुवात कुठून करू?"

सुरुवात तुमच्याच पेटीपासून करा. क्लास सध्या थांबवा आणि चिपही बदलू नका. तुमच्या हातात एक बिघडलेलं यंत्र आहे. ते का बिघडतं हे पुराव्यानिशी शोधून काढलंत, तर या धंद्यातलं निम्मं काम तुम्हाला येऊ लागेल. हेच सर्किट एसटीएम३२ वर नेलंत तर तेही अडकेल, फक्त तेव्हा दोष शोधणं आणखी अवघड होईल.

पहिली गोष्ट "अडकतो" या शब्दाची. तुमच्या पत्रावरून तरी त्या एका शब्दाखाली चार-पाच वेगळे दोष दडलेले दिसतात. प्रोसेसर रीसेट होणं वेगळं, प्रोग्राम एका लूपमध्ये फसणं वेगळं, जीएसएम मॉड्यूल बंद पडणं वेगळं आणि नुसता डिस्प्ले बिघडणं आणखी वेगळं. स्क्रीनवर भलती अक्षरं आली म्हणजे प्रोग्राम मेला असं तुम्ही धरून चाललात. तसं असेलच असं नाही. हा एलसीडी चार तारांवर चालवला की प्रत्येक अक्षर चार-चार बिटांच्या दोन हप्त्यांत जातं. कॉन्टॅक्टर (मोटारीची वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) पडताना एनेबलच्या ("आता घे" अशी खूण देणाऱ्या) तारेवर एक खोटा पल्स आला की हप्त्यांची जोडी चुकते आणि तिथून पुढे सगळी अक्षरं चुकीची उमटतात. प्रोग्राम मात्र मागे ठणठणीत चालू असतो. दर पाच मिनिटांनी एलसीडी नव्याने इनिशियलाइझ करा, हे लक्षण जाईल. त्यामागचा इलेक्ट्रिकल आवाज (तारांमधली नको असलेली खळबळ) जाणार नाही, त्याच्याकडे पुढे येऊ.

आता पेटीलाच बोलतं करा. त्यासाठी तीन गोष्टी लागतात. एक, नॅनोवरचा एलईडी मुख्य लूपमधून दर अर्ध्या सेकंदाला चालू-बंद करा. तो टायमर इंटरप्टमधून (मुख्य लूप मधेच थांबवून ठरलेल्या वेळी चालणाऱ्या कोडमधून) करू नका, कारण मुख्य लूप फसला तरी इंटरप्ट चालूच राहतो आणि एलईडी खोटं सांगतो. दोन, प्रत्येक वेळी प्रोग्राम सुरू झाला की ईईप्रॉममधला (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीतला) एक आकडा एकाने वाढवा. तीन, रीसेट कशामुळे झाला ते नोंदवा. नॅनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये एमसीयूएसआर नावाचं रजिस्टर असतं. त्यातले चार बिट चार कारणं सांगतात: पॉवर आली, बाहेरून रीसेट दाबला, व्होल्टेज खाली गेलं, की वॉचडॉगने (प्रोग्राम फसला की चिप रीसेट करणाऱ्या टायमरने) उठवलं. अडचण अशी की अर्डुइनोचा बूटलोडर (चिप सुरू होताच आधी चालणारा छोटा प्रोग्राम) बहुतेक वेळा तुमच्या प्रोग्रामच्या आधीच ते रजिस्टर पुसून टाकतो. म्हणून एक यूएसबीएएसपी प्रोग्रामर घ्या आणि बूटलोडर न ठेवता प्रोग्राम थेट चिपमध्ये भरा. मग सुरुवातीच्याच ओळीत रजिस्टर वाचा, एका व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि शून्य करा.

ईईप्रॉमबद्दल एक सावधगिरी. एका पत्त्यावर सुमारे १ लाख वेळा लिहिण्याची हमी असते. बूटची नोंद वर्षानुवर्षं चालेल. पण मोटारीची स्थिती दर सेकंदाला त्याच पत्त्यावर लिहीत असाल, तर १ लाख सेकंद म्हणजे जेमतेम २८ तास. स्थिती बदलली तरच लिहा.

एवढं करून पेटी चार दिवस शेतात ठेवा. बूटचा आकडा वाढला, तर रीसेट होतोय. आकडा तोच आहे आणि एलईडी स्थिर झालाय, तर प्रोग्राम फसलाय. एलईडी लुकलुकतोय पण मेसेजला उत्तर नाही, तर जीएसएमकडे बघा. आता प्रत्येक दोषाचा रस्ता वेगळा झाला.

वीजपुरवठ्यावर आमचा सगळ्यात जास्त संशय आहे. सिम८००एल ला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात. नेटवर्कशी बोलताना तो सुमारे २ अँपिअरचे झटके घेतो. प्रत्येक झटका ५७७ मायक्रोसेकंदांचा, आणि दर ४.६ मिलिसेकंदांनी एक. गावात टॉवर जवळ असतो, म्हणून मॉड्यूल कमी ताकदीने बोलतं. विहिरीवर रेंज कमी, तिथे ते पूर्ण ताकद लावतं. टेबलावर आठवडाभर चालणारी पेटी शेतात का पडते, याचं अर्धं उत्तर इथेच असू शकतं.

आता हिशेब करा. बारीक जंपर वायर, ब्रेडबोर्डचे सांधे आणि जाण्या-येण्याच्या दोन तारा मिळून पाव ओहम सहज होतो. २ अँपिअर गुणिले ०.२५ ओहम, म्हणजे अर्धा व्होल्ट गेला. ४ चे ३.५ झाले, मर्यादा ३.४ ची. बक कन्व्हर्टरचा स्क्रू जरा खाली सरकला असेल तर मॉड्यूल बंदच. मल्टीमीटरवर हे दिसणार नाही. तो सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, तोही सरासरी, म्हणून त्यावर शांतपणे ३.९ दिसत राहतात. यासाठी ऑसिलोस्कोप हवा. डीएसओ१३८ हे किट स्वस्त आहे. त्याची झेप २०० किलोहर्ट्झपर्यंतच असली तरी ५७७ मायक्रोसेकंदांचा खड्डा (व्होल्टेजची क्षणिक घट) त्यावर स्वच्छ दिसतो. किट स्वतः जोडताना सोल्डरिंगचा सरावही होतो. प्रोब मॉड्यूलच्या पिनांवरच लावा, कन्व्हर्टरच्या आउटपुटवर नको, कारण खड्डा तारेत पडतो. ट्रिगर उतरत्या कडेवर ३.७ व्होल्टला ठेवा आणि पेटीवर फोन लावा.

"मोठा कपॅसिटर लाव" हा सल्ला सगळे देतात, पण केवढा ते मोजून ठरवा. १००० मायक्रोफॅरडने एकट्याने २ अँपिअर ५७७ मायक्रोसेकंद पुरवले तर त्याचं व्होल्टेज १.१५ ने पडेल. म्हणजे एकटा कपॅसिटर पुरेसा नाही. तारा जाड करा (०.५ चौरस मिलिमीटर, लांबी १० सेंटिमीटरच्या आत), सांधे सोल्डर करा आणि मॉड्यूलच्या पायाशी कमी ईएसआरचा (आतला विरोध कमी असलेला) २२०० मायक्रोफॅरड, सोबत १०० नॅनोफॅरड सिरॅमिक लावा. अर्धा करंट तारेतून आला तरी खड्डा पाव व्होल्टवर येतो.

नॅनोच्या बाजूलाही दोन गोष्टी आहेत. १२ व्होल्ट व्हीआयएनला दिल्यावर ५ व्होल्ट करण्याचं काम बोर्डावरचा छोटासा रेग्युलेटर करतो. रिलेची कॉइल सुमारे ७० मिलिअँपिअर खाते, एलसीडीची बॅकलाइट आणि नॅनो मिळून ५० धरा. १२० मिलिअँपिअर गुणिले ७ व्होल्ट, म्हणजे ०.८४ वॅट उष्णता. एवढ्याशा तांब्यावर दर वॅटला ९०-१०० अंश चढतात, म्हणजे सुमारे ८० अंश. एप्रिलमध्ये उन्हातल्या पत्र्याच्या पेटीत आधीच ५५ असतात. बेरीज १३५. हे भाग साधारण १२५ अंशांपर्यंतचे असतात. तेव्हा दुसरा बक कन्व्हर्टर घ्या, त्यातून ५ व्होल्ट थेट ५ व्होल्टच्या पिनला द्या. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर १०५ अंशांचेच घ्या. तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. १०५ अंशांवर २००० तासांचा कपॅसिटर ६५ अंशांवर ३२,००० तास जगतो, म्हणजे साडेतीन वर्षांच्या वर. ८५ चा घेतलात तर एक वर्षही नाही.

दुसरी गोष्ट ब्राउनआउट, म्हणजे पुरवठ्याचं व्होल्टेज खाली जाणं. १६ मेगाहर्ट्झवर एटीमेगाला सुमारे ३.८ व्होल्टच्या वर राहावं लागतं. नॅनोचा फ्यूज (इथे फ्यूज म्हणजे चिपच्या आतली सेटिंग) मात्र २.७ व्होल्टला रीसेट देतो. मधल्या एका व्होल्टभर पट्ट्यात चिप चालूही असते आणि भरवशाचीही नसते. तिथेच ईईप्रॉममधले आकडे बिघडतात. यूएसबीएएसपी हातात आहेच, तर बीओडीलेव्हलचे तीन बिट १०१ वरून १०० करा, पातळी ४.३ व्होल्टवर येईल. त्या वेळी क्लॉकच्या फ्यूजला हात लावू नका. तो चुकला तर चिप प्रोग्रामरला उत्तर देणंच थांबवते.

आता डेटाशीट वाचायचा सराव, तुमच्याच दोन तारांवर. सिम८००एल चे सिग्नल २.८ व्होल्टचे, नॅनो ५ व्होल्टवर. नॅनोकडून मॉड्यूलकडे जाणाऱ्या तारेत सरळ ५ व्होल्ट घालणं चूक, हे तुम्हाला माहीत असेल. १० किलोओहम मालिकेत आणि १२ किलोओहम ग्राउंडला लावले की २.७ व्होल्ट होतात. पण उलट्या दिशेकडे फार कमी लोक बघतात. एटीमेगाच्या डेटाशीटमध्ये इलेक्ट्रिकल कॅरॅक्टरिस्टिक्सच्या तक्त्यात इनपुट हाय व्होल्टेजची ओळ शोधा. किमान ०.६ गुणिले पुरवठा, म्हणजे ५ व्होल्टवर ३.० व्होल्ट. मॉड्यूल देतंय जास्तीत जास्त २.८. म्हणजे हे जोडकाम कागदावर चालायलाच नको. चालतं, कारण बहुतेक चिपा २.५ च्या आसपासच "एक" मानतात. पण पेटी तापली, ग्राउंडमध्ये थोडा आवाज आला की अधूनमधून अक्षरं गळतात. मधे ५ व्होल्टवर चालणारा ७४एचसीटी१२५ बफर टाका, त्याला २.० व्होल्ट पुरतात. जाडजूड डेटाशीट पहिल्या पानापासून वाचायला बसू नका. आधी असा एखादा प्रश्न घ्या, मग त्याचं उत्तर देणारा तक्ता शोधा. "ॲब्सोल्यूट मॅक्सिमम" हा तक्ता चिप मरण्याची सीमा सांगतो, डिझाइन त्यावर करायचं नसतं. एटीमेगाच्या पिनचे ४० मिलिअँपिअर त्याच तक्त्यातले आहेत. आणि बहुतेक चिपांसोबत त्यांच्या उत्पादकाने कबूल केलेल्या चुकांचं पत्रक असतं, त्याला एराटा म्हणतात. तेही उघडून बघत जा.

मोटार रात्रभर चालू राहिली, त्याबद्दल. आपल्याकडे शेतातल्या बऱ्याच डीओएल (मोटार थेट लाईनवर सुरू करणाऱ्या) स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरची कॉइल ४१५ व्होल्टची असते, दोन फेजांमध्ये जोडलेली. तुमच्या निळ्या रिलेवर काय छापलंय बघा: १० अँपिअर, २५० व्होल्ट एसी. ती कॉइल या रिलेने तोडणं रेटिंगबाहेर आहे. ठिणगी लांबते, कॉन्टॅक्ट चिकटू शकतो आणि मग प्रोग्रामने काहीही सांगितलं तरी मोटार बंद होत नाही. मधे ऑक्झिलरी (सहायक) कॉन्टॅक्टर घाला. २४ व्होल्ट डीसी कॉइल आणि ४१५ व्होल्टला रेट केलेले कॉन्टॅक्ट, असा. त्याच्या डीसी कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावा. मुख्य कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर त्याच कंपनीचा, त्याच व्होल्टेजचा सर्ज सप्रेसर बसवा. बाजारात सहज मिळणारा २७५ व्होल्टचा एक्स२ कपॅसिटर ४१५ च्या कॉइलवर लावू नका.

आणि वायरिंगच असं करा की कंट्रोलर मेला तर मोटार बंद व्हावी. स्टॉप बटणाच्या मालिकेत तुमच्या ऑक्झिलरीचा नॉर्मली ओपन कॉन्टॅक्ट ठेवा. मोटार चालू आहे तोवर कंट्रोलरने तो ओढून धरायचा. कंट्रोलरची वीज गेली, प्रोग्राम मेला, तार तुटली, तिन्ही वेळी कॉन्टॅक्ट सुटतो आणि स्टार्टर पडतो. स्टार्टसाठी वेगळा आउटपुट, एक सेकंदाचा पल्स. ओव्हरलोड रिले आणि सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर जागेवरच राहू द्या, त्यांचं काम सॉफ्टवेअरवर सोपवू नका. लाईट आल्या आल्या मोटार सुरू करू नका, ३० ते १८० सेकंदांमधला कुठलाही विलंब ठेवा. सगळ्या शिवारातल्या मोटारी एकाच क्षणी उठल्या की डीपीवर ताण येतो आणि व्होल्टेज कोसळतं. पेटीवर ठळक लिहा: "ही मोटार आपोआप सुरू होते." विहिरीत उतरण्याआधी मेन स्विच खाली आणि फ्यूज खिशात, हा नियम घरातल्या सगळ्यांना सांगा. ४१५ व्होल्टचं काम लायसन्स असलेल्या वायरमनला सोबत घेऊनच करा.

फ्लोटच्या ६० मीटर तारेचं काय? ती आता चिपच्या आतल्या पुलअपवर (तार ५ व्होल्टला ओढून धरणाऱ्या रेझिस्टरवर) आहे, तो २० ते ५० किलोओहमचा. तारेतून जेमतेम पाव मिलिअँपिअर वाहतो. एवढ्यात ओलसर, काळवंडलेला कॉन्टॅक्ट नीट जोडला जात नाही, आणि मोटारीच्या केबलशेजारून आलेली तार अँटेनासारखी वागते. ती २४ व्होल्टवर चालवा. ४.७ किलोओहम मालिकेत लावून पीसी८१७ ऑप्टोकपलरचा (प्रकाशातून सिग्नल देऊन दोन सर्किटं वेगळी ठेवणाऱ्या भागाचा) एलईडी, त्याला उलटा १एन४१४८. करंट सुमारे ५ मिलिअँपिअर होतो. पुढे प्रोग्राममध्ये पाण्याची लाट लक्षात घ्या. बटणाला २० मिलिसेकंदांचा डिबाउन्स (कॉन्टॅक्टची थरथर संपेपर्यंत थांबणं) पुरतो, फ्लोटला ५ सेकंद द्या.

हे सगळं शेतात जाऊन तपासायला नको. टेबलावर आवाज निर्माण करायची जुनी युक्ती आहे. २४ व्होल्टचा एक रिले घ्या, त्याची कॉइल त्याच्याच नॉर्मली क्लोज्ड कॉन्टॅक्टमधून जोडा, डायोड लावू नका. रिले घंटीसारखा करकरत राहील, दर वेळी कॉन्टॅक्ट सुटताना ठिणगी आणि शेकडो व्होल्टचा काटा. कॉन्टॅक्टला हात लावू नका, झणका बसतो. त्या रिलेची मीटरभर तार तुमच्या फ्लोटच्या तारेला, मग एलसीडीच्या तारांना, मग पुरवठ्याच्या तारांना गुंडाळा. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं. जिथे बूटचा आकडा वाढतो किंवा अक्षरं बिघडतात, तिथे काम करायचं. ही चाचणी जी पेटी झेलते, ती शेतात फारसे आश्चर्याचे धक्के देत नाही.

आता सॉफ्टवेअर. दोन-तीन दिवसांनी अडकतो, या अंतरावरून आमचं बोट स्ट्रिंगकडे (अर्डुइनोमधल्या मजकूर साठवण्याच्या सोयीकडे) जातं. नॅनोकडे रॅम २ किलोबाइट. स्ट्रिंग ऑब्जेक्ट जोडत-तोडत राहिलात की त्या रॅममध्ये भोकं पडतात. एकूण जागा शिल्लक दिसते, पण सलग मिळत नाही. प्रत्येक मेसेजबरोबर थोडं-थोडं होत जातं, म्हणून तासाभराच्या चाचणीत हे कधीच सापडत नाही. सगळ्या स्ट्रिंग काढा. मेसेज १६० अक्षरांचा असतो, १ बाइट शेवटच्या शून्याला, म्हणून १६१ बाइटचा एक ठरलेला अॅरे ठेवा आणि भरताना लांबी तपासा.

मग प्रोग्राममध्ये "उत्तर येईपर्यंत थांब" असा प्रत्येक लूप शोधा. मॉड्यूलला मेसेज पाठवायला ६० सेकंदांपर्यंत लागू शकतात, आणि मधेच "रिंग" किंवा नव्या मेसेजची सूचना टपकते. तुमचा प्रोग्राम "ओके" ची वाट बघत असतो, भलतीच ओळ येते आणि तो कायमचा बसून राहतो. याला स्टेट मशीन हवं. कागदावर गोल काढा: निवांत, कमांड पाठवली, उत्तराची वाट, यश, चुकलं, मॉड्यूल रीसेट. प्रत्येक गोलातून वेळ संपल्यावर बाहेर जाणारा बाण असलाच पाहिजे. बाण नसलेला गोल दिसला की समजा, पेटी कधीतरी तिथे अडकणार. आधी कागद, मग कोड, हा क्रम मोडू नका.

वेळ मोजताना मिलिसेकंदांचा ३२ बिटांचा काउंटर ४९ दिवस १७ तासांनी शून्यावर येतो. "आत्ता वजा सुरुवात" ही वजाबाकी अनसाइन्ड ठेवून मर्यादेशी ताडली तर काही बिघडत नाही. "सुरुवात अधिक मर्यादा" आधी काढून ठेवली तर बिघडतं. ही नवशिक्यांचीच चूक आहे असं समजू नका. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान प्रशासनाने बोईंग ७८७ बद्दल आदेश काढला होता. सलग २४८ दिवस चालू राहिल्यास जनरेटरचे कंट्रोल युनिट बंद पडू शकत होते, कारण सॉफ्टवेअरमधला काउंटर भरत होता. सेकंदाचा शंभरावा भाग, ३१ बिट: हिशेब करून बघा, २४८ च येतात. काउंटर ५० दिवस चालवून बघायची गरज नाही. चाचणीसाठी त्याची सुरुवातच भरायला एक मिनिट कमी असताना करा.

वॉचडॉग सगळ्यात शेवटी चालू करा. आधी चालू केलात तर तो दोष झाकतो. एटीमेगामध्ये त्याची कमाल मर्यादा ८ सेकंद. त्याने उठवल्यावर तो सर्वांत छोट्या, सुमारे १६ मिलिसेकंदांच्या मर्यादेवर चालूच राहतो. म्हणून प्रोग्रामच्या सुरुवातीला, एमसीयूएसआर शून्य केल्यावर लगेच, त्याला बंद करावं लागतं. नाहीतर रीसेटचं चक्र सुरू होतं. काही जुने बूटलोडर नेमके याच चक्रात अडकतात. वॉचडॉगला शांत करणारी ओळ साऱ्या प्रोग्राममध्ये एकच असावी, मुख्य लूपच्या शेवटी.

खरेदीचं बोलू. आठ-दहा हजारांत बसणारी यादी: बरा मल्टीमीटर, तापमान लावता येणारी सोल्डरिंग इस्त्री (६३/३७ चं सोल्डर, टोक ३५० अंशांच्या आसपास), यूएसबीएएसपी, २४ मेगाहर्ट्झ आठ चॅनेलचा लॉजिक अॅनालायझर, डीएसओ१३८ आणि ऑनबोर्ड एसटी-लिंक (डीबगर) असलेला एक न्यूक्लिओ (एसटीएम३२ चा) बोर्ड. लॉजिक अॅनालायझर पल्सव्ह्यू या मोफत प्रोग्रामबरोबर चालतो. नॅनो आणि जीएसएम यांच्यातल्या तारा त्यावर लावल्या की कोण काय बोललं ते अक्षरशः वाचता येतं. सुटे भाग पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला स्वतः बघून घ्या. "ब्लू पिल" नावाचे स्वस्त एसटीएम३२ बोर्ड टाळा, त्यांवर नकली चिपा फार आहेत. शिकताना दोष आपला की चिपचा, असा संशय नको.

ही पेटी महिनाभर न अडकता चालली की न्यूक्लिओ काढा. त्यावर पहिला आठवडा फक्त डीबगर: ब्रेकपॉइंट लावणं, रजिस्टर बघणं, चालता प्रोग्राम थांबवून तो कुठे आहे ते पाहणं. अर्डुइनोवर तुम्ही हे कधी केलेलं नाही आणि चिप बदलण्याचा खरा फायदा हाच आहे. मग तयार लायब्ररी न घेता, रेफरन्स मॅन्युअल उघडून, रजिस्टर लिहून एलईडी, टायमर, यूएआरटी (सिरियल संवाद). इंटरप्ट आणि मुख्य प्रोग्राम यांच्यात वाटलेला आकडा अर्धवट वाचला जाण्याचा दोष मुद्दाम घडवून बघा. त्यानंतर किकॅड या बोर्ड आखण्याच्या प्रोग्राममध्ये याच स्टार्टरचा दोन थरांचा बोर्ड काढा. खालचा थर जवळजवळ अखंड ग्राउंड, प्रत्येक चिपच्या पुरवठा-पिनशेजारी १०० नॅनोफॅरड, जीएसएमच्या २ अँपिअरची वाट रुंद आणि आखूड. ४१५ व्होल्ट त्या बोर्डावर आणूच नका, ऑक्झिलरी कॉन्टॅक्टरकडेच ठेवा. नव्या बोर्डावर सिम८००एल सुद्धा नको. तो फक्त २जी वर बोलतो, जिओचं सिम त्यात चालतच नाही. ए७६७० सारखं ४जी मॉड्यूल घ्या. पहिल्या बोर्डात चुका निघतील, दुसऱ्याची फी आधीच बाजूला ठेवा. आरटीओएस त्यानंतर, तीन-चार कामं खरोखर एकाच वेळी करायची वेळ आली की.

एवढं झाल्यावर ६० हजारांच्या क्लासला जावंसं वाटलं, तर तुमची पेटी आणि लॉग घेऊन जा आणि तिथल्या शिक्षकांना तीन प्रश्न विचारा. प्रत्येक टेबलावर ऑसिलोस्कोप आहे का? विद्यार्थी स्वतःचा बोर्ड काढून, बनवून, त्यातल्या चुका शोधतो का? आणि माझ्या पेटीवरचा ३.४ व्होल्टचा खड्डा तुम्ही कसा पकडाल? तिसऱ्या प्रश्नाला ते प्रोब कुठे लावतात ते नीट बघा.